आटलेल्या गायी

गेल्या जूनमधली गोष्ट. नव्या सत्राचं वेळापत्रक टेबलावर पसरून मी बसले होते. समोर आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सहकारी होते. नेट झालेले, पीएच.डी. झालेले, चाळिशीला आलेले. मागच्या सत्राचं त्यांचं मानधन अजून जमा झालेलं नव्हतं. वेळापत्रकावर बोट ठेवून ते म्हणाले, "मॅडम, एक विचारू? मला पैसे मिळतात ते वर्गातल्या तासाचे. त्या तासासाठी आदल्या रात्री मी तीन तास वाचतो, ते कोणाच्या खात्यावर? उद्यापासून मी नुसता वर्गात गेलो, पुस्तकात आहे तेवढं सांगितलं आणि बाहेर आलो, तर मी चुकतो का?"

मी सत्तावीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवते आहे. नीतिशास्त्राचा पेपर माझ्याकडेच असतो. तरी त्या दिवशी "चुकता" असं मला म्हणता आलं नाही, आणि "नाही चुकत" असंही म्हणवेना. चहा आला, आम्ही तो घेतला, आणि ते एसटी पकडून दुसऱ्या कॉलेजवर गेले. प्रश्न माझ्याजवळ राहिला.

आमचं कॉलेज खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. 1998 साली मी लागले तेव्हा तत्त्वज्ञान विभागात आम्ही तिघं होतो. पुढे दोघं निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. 2017 साली शासनानं प्राध्यापक भरती थांबवली, नंतर थोडी मोकळी केली. मग करोना आला आणि 4 मे 2020 च्या वित्त विभागाच्या निर्णयानं नवी भरती पुन्हा बंद झाली, खात्यांच्या खर्चाला 33 टक्क्यांची मर्यादा पडली. त्यानंतर राज्यात काही जागा भरल्या गेल्या, पण आमच्या विभागापर्यंत त्यातली एकही आली नाही. दोन वर्षांनी मी साठीला पोचेन, आणि मग विभागात कायम असं कोणी उरणार नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असं कोठारी आयोगानं 1966 साली सांगितलं. माझ्या जन्माआधीची शिफारस ती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तोच आकडा पुन्हा छापला गेला. अतिथी अध्यापकाला एका व्याख्यानाचे 1500 रुपये द्यावेत, महिन्याला जास्तीत जास्त 50,000, असं यूजीसीनं 2019 मध्ये ठरवून दिलं. आमच्याकडचा दर त्याहून कमी आहे, आणि तोही वर्षाचे बारा महिने मिळत नाही. माझा स्वतःचा पगार मात्र पूर्ण आणि नियमित आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं प्रत्येक वाक्य पूर्ण पगार घेणाऱ्या बाईनं लिहिलेलं आहे, आणि वाचणाऱ्यानं ते तसंच तोलावं.

पैसा कमी झाला की शिकवण्यातलं पहिल्यांदा काय जातं? तास जात नाहीत. वेळापत्रक भरलेलं असतं, मस्टरवर सह्या असतात, परीक्षा वेळेवर होतात, निकालही खाली येत नाही. जातं ते दुसरंच. त्यासाठी मला एका शनिवारबद्दल सांगावं लागेल.

आम्ही तिघं होतो तेव्हा शनिवारी ग्रंथालयामागच्या खोलीत आठ-दहा मुलांना घेऊन बसायचो. त्याला ट्यूटोरियल म्हणायचे. त्या दिवशी न्यायदर्शनातलं पंचावयवी अनुमान चाललं होतं. पुस्तकातलं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं, डोंगरावर अग्नी आहे कारण धूर आहे. मी सांगितलं, धूर नको, डोंगर नको, आपापल्या शेतातलं अनुमान मांडा. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी तो बोलायचा नाही. म्हणाला, "प्रतिज्ञा, आमच्या बांधाखाली पाणी आहे. हेतू, कारण तिथला उंबर भर उन्हाळ्यात हिरवा असतो. उदाहरण, जिथे जिथे उन्हाळ्यात उंबर हिरवा तिथे तिथे खाली पाणी, जसं मामाच्या मळ्यात. उपनय, आमचा उंबरही तसाच. निगमन, म्हणून आमच्या बांधाखाली पाणी आहे." पाचही अवयव जागच्या जागी होते. मी खूश झाले. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "आणि शेजारच्या विहिरीची पाइपलाइन तिथून गळत असली तर? उंबर हिरवाच राहील ना?"

यालाच नैयायिक सव्यभिचार म्हणतात. हेतू साध्याला सोडून भलतीकडेही सापडतो, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण त्या मुलाचा चेहरा बदलला होता. जरा वेळानं तो म्हणाला, "मॅडम, वडिलांनी तीन बोअर मारले. तिन्ही कोरडे गेले. प्रत्येक वेळी कोणीतरी झाडच दाखवलं होतं."

खोलीत कोणी बोललं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं एक शास्त्र त्या पोराच्या घरच्या कर्जाला येऊन भिडलं होतं. त्यानं मग स्वतःच वहीत लिहिलं: आधी पाइप बघायचा, मग झाड. नंतर पुन्हा खोडून लिहिलं: असं झाड शोधायचं की जिथे जवळ पाइप नाही. माझ्या सगळ्या नोकरीत तर्कशास्त्र इतकं खोल उतरलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं.

दोन जागा गेल्या आणि तो शनिवार गेला. वर्कलोडच्या हिशेबात त्याला जागा नव्हती. आता पंचावयवी अनुमान मी चौऱ्याऐंशी मुलांना एका तासात सांगते. परीक्षेत पाच गुणांची टीप येते, सगळे धूर आणि अग्नी लिहितात, मी पाचपैकी चार देते. कागदावर काहीही कमी झालेलं नाही. कमी झालंय ते एवढंच, की आता मुलांचा विचार कोणी ऐकत नाही आणि तो कुठे गळतो हे कोणी त्यांना दाखवत नाही. माझ्या मते उच्च शिक्षण म्हणतात ते मुख्यतः तेवढंच असतं. बाकीचं पुस्तकात मिळतं.

सहकाऱ्यांचा प्रश्न घेऊन मी पुढे महिनाभर वाचत होते, आणि पुन्हापुन्हा कठोपनिषदाच्या आरंभाशी येऊन थांबत होते. दरवर्षी शिकवते तरी ती सुरुवात मी नीट वाचली नव्हती असं वाटलं. आपण नचिकेताला यमाच्या दारी बसलेला ओळखतो, तीन वर मागणारा. पण तो तिथे का गेला? बापानं यज्ञ मांडला होता, आणि त्यात असेल नसेल ते सगळं दान द्यायचं होतं. दक्षिणेच्या गायी नेल्या जात असताना मुलानं त्या पाहिल्या. त्यांचं गवत खाऊन संपलं होतं, पाणी पिऊन संपलं होतं, दूध निघून गेलं होतं, आणि वासरू होण्याची आशा उरली नव्हती. मोजायला गेलं तर गायींची संख्या बरोबर होती, विधीही बरोबर होता. उपनिषद म्हणतं, त्या क्षणी त्या मुलात श्रद्धा शिरली. श्रद्धा शिरल्यावर तो हात जोडून बसला नाही, त्यानं बापाला प्रश्न विचारला. एकदा विचारला, दोनदा, तीनदा. मला कोणाला देणार?

चौऱ्याऐंशी मुलांना एका तासात दिलेलं पंचावयवी अनुमान ही आटलेली गाय आहे. आणि ती मी दिलेली आहे. प्रत्येक सत्राच्या शेवटी आमच्याकडे एक फॉर्म भरून द्यावा लागतो, त्यात "अभ्यासक्रम पूर्ण केला" अशी ओळ असते आणि खाली सही. शनिवार बंद पडल्यानंतरही ती सही मी प्रत्येक सत्राला केली. अभ्यासक्रम तांत्रिक अर्थानं पूर्ण झालेला असायचा. गायींची संख्या बरोबर होती.

या टप्प्यावर लोक त्यागाची गोष्ट काढतात. शिक्षकदिनाच्या भाषणांत ती हमखास येते. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट ऐकताना आजही माझा गळा दाटतो. पण ती कोण कोणाला सांगतं, हे पाहायला हवं. पगार देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो जेव्हा पगार न मिळालेल्याला लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगतो, तेव्हा त्या माउलीच्या मंगळसूत्रावर दुसऱ्यांदा कर्ज काढलं जातं. गीतेतल्या निष्काम कर्माचंही असंच होतं. कर्त्यानं आपल्या फळाची आसक्ती सोडावी हा उपदेश कर्त्याला आहे. दुसऱ्याचं फळ अडवून ठेवण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. त्यागाचं क्रियापद प्रथम पुरुषातच चालतं. "मी सोडतो" हा त्याग. "तू सोड" हा हुकूम झाला, आणि "त्यानं सोडलंच पाहिजे" ही तर वसुली.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल, 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 साली फर्ग्युसन कॉलेज उभं करणारी माणसं याच प्रश्नावर एकमेकांपासून दुरावली. टिळकांचा आग्रह असा की आजीव सभासदानं जेझुइट पाद्र्यांसारखं राहावं, बाहेरची मिळकत घेऊ नये, सगळा वेळ संस्थेला द्यावा. आगरकर आणि काही सभासदांचं म्हणणं होतं की संसार चालायला हवा, पगारात थोडी वाढ हवी. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस असं आईला कळवणारे आगरकर ते हेच. वाद वाढत गेला आणि 1890 साली टिळकांनी राजीनामा दिला. पुढे गोखले, कर्वे यांच्यासारखी माणसं महिना 75 रुपयांवर वीस वर्षं शिकवण्याच्या कराराला बांधलेली राहिली.

कोण बरोबर होतं यावर मी तरुणपणी पुष्कळ भांडले आहे. आता मला त्या भांडणातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. टिळक काय, आगरकर काय, दोघंही स्वतःच्या पगाराबद्दल बोलत होते. संस्था त्यांची होती, ठराव त्यांचे होते, मत द्यायचा हक्क त्यांना होता. किती सोडायचं हे सोडणाऱ्यांनीच ठरवलं, आणि पटलं नाही तेव्हा एक जण उठून निघूनही जाऊ शकला. त्या 75 रुपयांचं तेज त्या हक्कातून आलेलं आहे. माझे सहकारी कोणत्या ठरावात हजर होते?

मग पैसे घेऊन शिकवणं कमी दर्जाचं आहे का? कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात नाट्याचार्य गणदास म्हणतो की केवळ पोट भरण्यापुरती ज्याची विद्या, तो ज्ञानाचा दुकानदार. हे वाक्य शिक्षकांना टोचायला वापरतात. त्यातला "केवळ" मात्र कोणी ऐकत नाही. गणदास स्वतः राजदरबारी पगारी नोकर आहे, आणि त्याला त्याची लाज नाही. आणि त्याचा रोख कोणावर आहे? आपल्याला जागा मिळाली आहे म्हणून जो वादाला भितो, निंदा गिळतो, त्याच्यावर. म्हणजे तो श्लोक तासिकेवरच्या माणसाबद्दल नाहीच. तो माझ्यासारख्या कायम नोकरीवाल्यांना उद्देशून आहे. हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

सॉक्रेटिसाचंही तसंच. तो फी घेत नसे, आणि आपली गरिबीच त्याची साक्ष आहे असं त्यानं न्यायालयात सांगितलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोषी ठरल्यावर, तुला काय शिक्षा व्हावी असं विचारल्यावर त्यानं काय मागितलं? नगराच्या भोजनगृहात कायमचं जेवण. ऑलिंपिक जिंकणाऱ्याला मिळतं तसं. विद्यार्थ्याकडून तो काही घेणार नव्हता, पण नगर आपलं देणं लागतं हे त्यानं मृत्यूच्या दारातही सोडलं नाही.

आमच्या गावाहून अमळनेर तासाभराच्या वाटेवर आहे. तिथे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत कलकत्त्याहून तिथे आला, संचालक झाला. साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायला लागण्याआधी याच मंदिरात अभ्यास करत होते. वेदान्ताचा विचार करायला माणसाला अंथरूण लागतं, दोन वेळचं जेवण लागतं, आणि ते कोणीतरी पुरवावं लागतं, हे त्या सूत-कापसाच्या व्यापाऱ्याला कळलं होतं. मुलांना घेऊन मी तिथे जाते तेव्हा त्यांना आधी हेच सांगते, मायावाद नंतर.

या सगळ्यातून मी माझ्या सहकाऱ्यांना द्यायचं उत्तर शोधत होते. जुलैत त्यांना पुन्हा बसवून घेतलं आणि म्हटलं, "सर, माझं असं मत झालंय. तुमचं देणं कोणाकडे आहे? संस्थेकडे, शासनाकडे. समोर बसलेल्या पोरीनं तुमचा एक पैसा बुडवलेला नाही. तिच्या तासातून ते वळतं करून घेतलं तर वसुली चुकीच्या घरी गेली."

ते म्हणाले, "मान्य. पण मी पूर्ण शिकवलं तर वरच्यांना वाटणार, बघा, एवढ्यात भागतंय. माझा प्रामाणिकपणाच माझ्याविरुद्धचा पुरावा होतो. पुढच्या वर्षी तेच, आणि माझ्यामागून येणाऱ्यालाही तेच."

हा युक्तिवाद मला खोडता आला नाही, कारण तो खरा आहे. अर्धं शिकवावं तर मुलांवर अन्याय, पूर्ण शिकवावं तर कपातीवर पांघरूण. याच ठिकाणी मला नचिकेता पुन्हा आठवला. त्यानं यज्ञ उधळला नाही. गायी परत गोठ्यात नेल्या नाहीत. आणि गप्पही बसला नाही. गायी आटलेल्या आहेत हे त्यानं, देणारा आपला बाप असताना, देण्याच्या जागीच उभं राहून दाखवलं, आणि स्वतःला दानात घातलं. ही दोन कामं एकत्र करता येतात. हातात आहे ते सगळं देणं, आणि जे दिलं गेलं नाही ते लपवू न देणं. दुसरं केल्याशिवाय पहिलं निर्मळ राहत नाही. इतकी वर्षं मी पहिलं करत होते आणि दुसऱ्याच्या जागी सही करत होते.

म्हणून त्या सत्रात आम्ही एक कागद केला. एका बाजूला शिकवलेलं, दुसऱ्या बाजूला न शिकवलेलं. सरळ मराठीत, मुलांना कळेल असं. पंचावयवी अनुमान सांगितलं, पण एकाही विद्यार्थ्याचं अनुमान तपासलं नाही. हेत्वाभास पाचही सांगितले, सराव झाला नाही. चार्वाकांचा पूर्वपक्ष झाला, त्यावर वर्गात वाद झाला नाही. निबंध लिहून घेतले, चौऱ्याऐंशीपैकी तिसांवरच शेरे लिहिता आले, बाकीच्यांना नुसते गुण. प्रत्येक ओळीपुढे कारण: जागा रिक्त, वेळ नाही, मानधनात हे काम धरलेलं नाही. मुलांपुढे तो वाचताना माझा आवाज कापला. तीस आणि चौऱ्याऐंशी हे आकडे मी कधी मोठ्यानं म्हटले नव्हते.

शनिवारची खोलीही मी पुन्हा उघडली आहे, महिन्यातून दोनदा. ती मी घेते, सर घेत नाहीत. ज्याला पूर्ण पगार आहे त्यानं हे ओझं उचलायचं, एवढं तरी मला या वयात स्पष्ट दिसतं. सगळ्या मुलांना त्यात घेता येत नाही, आणि ज्यांची पाळी आली नाही त्यांची संख्याही कागदावर लिहिली आहे.

ऑक्टोबरमध्ये फॉर्म आला. "अभ्यासक्रम पूर्ण केला" या ओळीवर मी रेघ मारली आणि खाली लिहिलं, सोबतचा कागद पाहावा. वरून विचारणा झाली, असं कशाला, समिती आली तर काय दिसेल? मी म्हटलं, आहे तेच दिसेल. कागद प्राचार्यांच्या कार्यालयात गेला, एक प्रत विद्यापीठाकडे, एक विभागाच्या दारावर. अजून उत्तर आलेलं नाही. मुलं मात्र दारापाशी थांबून तो वाचतात. परवा एका मुलीनं पेन्सिलीनं खाली भर घातली होती: "गांधींवर प्रश्न विचारायचे होते, वेळ संपला." ती ओळ मी पेनानं पक्की केली.

सही करायच्या दिवशी मी कागद सरांपुढे सरकवून म्हटलं, "तुम्ही करायलाच हवी असं नाही. तुमची ऑर्डर दरवर्षी नव्यानं निघते, मला कल्पना आहे." त्यांनी कागद दोनदा वाचला. तिसांच्या जागी एकतीस केलं, एक निबंध त्यांनी आदल्या रात्री तपासला होता. मग सही केली. खाली पदनामाची जागा होती, तिथे एरवी ते "तासिका तत्त्वावर" असं लिहितात. पेन जरा वेळ हातातच राहिलं. मग त्यांनी "शिक्षक" असं लिहिलं, खडूची डबी उचलली आणि साडेअकराच्या तासाला गेले.